द्वारकेच्या बोटीतला मुरांबा

देवाला आंबा कशासाठी लागतो, हे मला कधीच कळलं नाही. त्याच्या घरी काय कमी आहे? तरी काशीच्या एका पंड्यानं माझ्या सासूबाईंकडून आंबा सोडवून घेतला. तीर्थाला गेलं की आवडतं फळ सोडायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. शहाण्या बायका आमच्या भागात न पिकणारा फणस सोडून मोकळ्या होतात. सासूबाईंनी आंबा सोडला, कारण आंब्याइतकं त्यांना दुसरं काहीच आवडत नव्हतं आणि देवाशी लबाडी करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

सोडला तो माझ्यासाठी. माझी पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाई गावातल्या लोकांबरोबर काशीला गेल्या. पंड्यानं त्यांना सांगितलं, आंबा सोड, नातू जगेल. आणि वर हेही सांगितलं, की पुन्हा आंबा तोंडाला लावलास तर दिलेलं परत जाईल. पहिलं वाक्य मी एक वेळ चालवून घेतलं असतं. दुसऱ्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नातवासाठी जीव टाकणाऱ्या म्हातारीला असा धाक घालणाऱ्याला देवाचा माणूस कसं म्हणायचं? पुढे दत्ता झाला, जगला, दणकट झाला, नागपूरला शिकायला गेला. सासूबाईंच्या मनात मात्र त्याचा श्वास त्या आंब्याला बांधलेलाच राहिला.

आमचं घर यवतमाळजवळ लोहाऱ्याला. घरामागच्या शेतात गावठी आंब्याचं मोठं झाड आहे. त्याच्या कैऱ्यांचा मुरांबा आम्ही दर उन्हाळ्यात करतो, आणि तो करायला मला सासूबाईंनीच शिकवलं. पाकाचा थेंब अंगठा नि बोटात धरून तार पाहणं हे काम त्यांचं. पण वाफवलेल्या फोडी पाकात पडल्या, की त्या चुलीपासून उठत, हात स्वच्छ धुवत आणि उंबऱ्यात जाऊन बसत. तिथून विचारत, "कसा जमला वं? आंबट लागते का गोड?" मी सांगायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. दर वर्षी ते पाहून माझं डोकं तापायचं. मी रोज दिवा लावते, एकादशी पाळते. पण त्या दिवशी दिवा लावताना मी देवाकडे पाहत नसे.

द्वारकेला जायचं सासूबाईंच्या मनात फार वर्षांपासून होतं. तेही समुद्रावरून. कृष्णानं समुद्रात नगरी वसवली, तर तिथं समुद्राकडूनच जावं, असं त्यांचं म्हणणं. मुंबईहून उत्तरेला सौराष्ट्राच्या किनाऱ्यानं आगबोट जाते, असं आमच्या चुलत दिरांनी सांगितलं आणि बेत ठरला. शेतात कापूस वेचणी सुरू होती, म्हणून आमचे हे घरी राहिले. आम्ही दोघी आणि सोबतीला ते भाऊजी. शेजारणीनं सांगायचं ते सांगितलंच, "समुद्र वलांडला का धरम बुडते म्हणतात." सासूबाई म्हणाल्या, "मंग देव कायले जाऊन बसला तथी?"

बांधाबांध माझ्याकडे होती. मुरांब्याची बरणी घेतली, आणि सासूबाईंसाठी वेगळी मोरावळ्याची. मुंबईच्या धक्क्यावर हमालानं गाठोडं असं आदळलं, की मोरावळ्याच्या बरणीचे तुकडे झाले. आवळे धक्क्यावर घरंगळले. मी हमालाला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "बाई, बोट सुटते, आवळे काय मोजत बसता?" आणि निघून गेला. मुरांब्याची बरणी शाबूत राहिली. ज्याचा सासूबाईंना उपयोग नव्हता तेवढंच नेमकं वाचलं, याचाही मला रागच आला.

बोट सुटली तेव्हा सासूबाई कठड्याला धरून लहान मुलीसारख्या उभ्या होत्या. "केवढं पाणी देल्लं त्यानं, माय! अन् आपल्या विहिरीत उन्हाळ्यात घागर बुडत नाई." पण मुंबई दिसेनाशी झाली आणि बोट डुलायला लागली. भाऊजींनी घरी ऐटीत सांगितलं होतं, की बोट म्हणजे तरंगता वाडा, कळतसुद्धा नाही. ते स्वतः पहिले आडवे झाले. त्यांच्यामागून सासूबाई. डेकवर आमच्या वळकट्या पसरल्या होत्या, तिथं त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. चहा, लिंबाचं पाणी, नुसतं पाणी, जे पोटात जाई ते बाहेर येई. बोटीवरच्या कंपाउंडरनं एक गोळी दिली, तीही बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. "द्वारका आली का वं?" असं त्या विचारायच्या आणि उत्तर ऐकायच्या आधीच डोळे मिटायच्या. कंपाउंडर दुसऱ्यांदा आला, नाडी पाहिली आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "बाई, पोटात काहीतरी टिकलं पाहिजे. नाहीतर कठीण आहे."

भाऊजींसाठी मी मुरांब्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. वेलदोड्याचा वास सुटला. सासूबाईंनी डोळे न उघडता मान तिकडे वळवली. मग पदर ओढून नाक झाकून घेतलं. भाऊजींनी दोन फोडी खाल्ल्या आणि तासाभरानं चक्क उठून बसले. उपाय माझ्या मांडीवर होता आणि म्हातारी शेजारी सुकत चालली होती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते लिहिते. पाक पाण्यात कालवायचा, साखरेचं पाणी म्हणून चमच्यानं पाजायचं. त्यांना कळलंही नसतं. मी भांड्यात पाणी घेतलं, चमचा पाकात बुडवला आणि हात थांबला. आयुष्यभर मी त्या पंड्याला शिव्या घातल्या, त्याच्या धाकाला थोतांड म्हटलं. आणि त्या क्षणी मला वसतिगृहाच्या खोलीत अभ्यासाला बसलेला दत्ता दिसला. थोतांड म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या मुलावर ते पारखून पाहणं वेगळं. मी पाणी समुद्रात ओतलं.

मग मी देवाशी भांडले. हात जोडून नाही, कठड्यावर हात आपटून. मनात म्हटलं, तुझ्याच दारात यायला निघालेली ही बाई. जन्मभर तुला फसवलं नाही. आता एकीकडे तिचा जीव आणि एकीकडे माझा मुलगा ठेवून तू मला निवड म्हणतोस? मी निवडणार नाही. तुझं तू पाहा. असं म्हणून मी कठड्याकडे पाठ करून बसले. याला शरण जाणं म्हणत असतील तर म्हणोत. माझ्या दृष्टीनं मी हात झटकले होते.

थोड्या वेळानं एक पोरगी आमच्या वळकटीपाशी येऊन उभी राहिली. सात महिन्यांची गर्भार, माहेरी पोरबंदरला निघालेली. तिला न्यायला आलेला तिचा थोरला भाऊ पलीकडे घोरत होता. माझ्याकडे न पाहता ती सासूबाईंपाशीच खाली बसली. "माँजी, इतनी अच्छी खुशबू कायकी है? जबसे आई, मेरेकू चैन नहीं. थोड़ा दो ना."

सासूबाईंनी डोळे उघडले. "दे तिले," त्या पुटपुटल्या. मी बरणी पुढे केली, तर म्हणाल्या, "थांब. मले उठव. दोन जिवाची पोरगी अशी आपल्या दारात आली, अन् म्या निजून राहू?" मी पाठीला आधार देऊन बसवलं. त्यांनी चमच्यानं फोडी काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. उंबऱ्यात जाऊन बसणाऱ्या बाईनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा मुरांबा वाढला. पोरगी बोटं चाटत खात होती आणि सासूबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. "कसा झाला?" त्यांनी विचारलं. "आंबट लागते का गोड?"

"खाके देखो ना," ती म्हणाली आणि एक फोड उचलून त्यांच्या ओठांपाशी नेली.

सासूबाईंनी मान मागे घेतली. "मेरेकू नाई चलता, बेटी. छोड़ दिया मैंने."

"किसके वास्ते?"

"नातू के वास्ते."

पोरगी हसली. दुसरा हात तिनं आपल्या पोटावर ठेवला. "तो ये भी किसीका नाती है, माँजी. ये दे रहा है. इसको ना बोलोगे?"

आमच्याकडे गर्भारशीला नाही म्हणत नाहीत. तिनं मागितलेलं नाकारत नाहीत, तसंच तिनं दिलेलंही नाकारत नाहीत. सासूबाईंची मोठी पंचाईत झाली. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, फोडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. काय विचारत होत्या ते मला कळलं. मुलगा माझा होता. हो किंवा नाही मीच म्हणायचं होतं. मघाशी मी निवडणार नाही म्हणून पाठ फिरवली होती. आता निवडायचं नव्हतंच. समोरून हात आला होता, तो घ्यायचा की परतवायचा एवढंच होतं. दत्ता पुन्हा डोळ्यांपुढे आला. तरी मी सासूबाईंना म्हणाले, "घ्या, आत्याबाई."

त्यांनी तोंड उघडलं. फोड बराच वेळ तोंडात घोळवली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि पहिला शब्द काय तर, "पाक जरा कच्चाच हाय वं तुहा." मग दुसरी फोड मागितली.

ते पोटात राहिलं. नंतर पाणी राहिलं. संध्याकाळी बोटीनं पोरबंदरपाशी नांगर टाकला. उतरत्या उन्हात किनाऱ्यावरची फिकट दगडाची घरं दुधावरच्या सायीसारखी दिसत होती. शिडाचे मचवे बोटीला येऊन लागले. पोरगी शिडीवरून सावकाश उतरत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. अर्धा मुरांबा मी तिच्या डब्यात भरून दिला होता. मचव्यात बसल्यावर तिनं डबा उंच करून दाखवला. तिची जात मी विचारली नाही, नाव विचारायचं राहूनच गेलं. सासूबाईंनीही विचारलं नाही, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना हाच मोठा चमत्कार वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ओरडलं, "ध्वजा, ध्वजा!" निळ्या पाण्याच्या कडेला किनारा रेघेसारखा दिसत होता, त्यावर देवळाचं शिखर आणि वर फडफडणारी ध्वजा. सासूबाई माझा हात न धरता कठड्यापर्यंत चालत गेल्या. दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "समुद्राकडून आलो रे बापा. चुकली असन तर मले धर, पोट्ट्याले नको धरू." तेव्हा मला कळलं, त्यांनी फोड खाल्ली होती, पण धाक गेला नव्हता. माझाही कुठे गेला होता?

बोट पुढे ओख्याला लागली, तिथून आम्ही द्वारकेला आलो. दर्शन झालं. बाहेर एका पंड्यानं विचारलंच, "माताजी, यहाँ क्या छोड़ोगी?" मी पदर खोचून पुढे झाले होते. सासूबाईंनी मला मागे सारलं आणि शांतपणे म्हणाल्या, "एक डाव सोडलं, तं देवानं बोटीत वापस आणून देल्लं. आता पुन्हा कायले घेते तो?" पंडा दुसऱ्या यात्रेकरूकडे वळला. मी आत वळून मूर्तीकडे पाहिलं, या वेळी नजर न चुकवता.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी एकमेकींशी जेवणाखाण्यापलीकडे बोललो नाही. धर्मशाळेत तारवाला कोणासाठी तरी आला, तेव्हा दोघींचे हात एकदमच थांबले. यवतमाळच्या स्टेशनात छोटी गाडी शिरली. मी खिडकीतून पाहिलं, तर दत्ता बैलबंडीशी उभा, तोंड वाकडं करून. सुट्टीत घरी आला तर घरात आई नाही, आजी नाही. "किती दिवस लावले? बाबाच्या हातचं पिठलं खाऊन जीव जाऊन राह्यला माहा," तो म्हणाला. "जीव" हा शब्द ऐकून सासूबाईंनी त्याचा दंड धरला, दाबून पाहिला, सोडला. त्यानं गाठोडं उचललं. "मुरांबा उरला का, आजी?"

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "म्या खाल्ला."

तो थबकला. मग हसत म्हणाला, "सगळा?"

त्या पोरीला देवानं पाठवलं का, मी सांगू शकत नाही. ती वासानं आली, तिला डोहाळे लागले होते, एवढं मला ठाऊक आहे. पण मी हात झटकून पाठ फिरवल्यावर ती आली, हेही खरं. इतकी वर्षं आम्ही देवाशी सौदा केला होता, आणि सौद्यात माणूस सतत घाबरलेला असतो. त्यानं सौदा केलाच नव्हता. आंबा त्यानं मागितलाच नव्हता. त्याच्यावर सोपवायचं म्हणजे काही सोडून बसायचं नसतं. तो ज्या हातानं देईल त्या हातातून घ्यायचं असतं. हे मला शहाण्यांनी नाही, एका भुकेल्या पोरीनं शिकवलं. तिचं बाळंतपण सुखाचं झालं असेल ना, असं रोज दिवा लावताना मनात येतं, आणि तिच्यासाठी मी हात जोडते.

त्या पंड्यासाठी मात्र अजून जोडत नाही. तेवढं देवानं चालवून घ्यावं. यंदाच्या उन्हाळ्यात फोडी पाकात पडल्या तेव्हा सासूबाई चुलीपाशीच बसून राहिल्या. उंबरा रिकामा होता.