सासूबाईंची पुंगोल शाखा

सासूबाई पहिल्यांदा सिंगापूरला आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी यादी करून ठेवली होती. बागा, पक्ष्यांचं उद्यान, समुद्रकिनारा, एक-दोन देवळं. त्यांनी चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "हे सगळं बघू सावकाश. आधी मला तुझी बँक दाखव."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्या महिला पतसंस्थेत कारकून म्हणून लागल्या आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झाल्या. संस्थेचं ऑफिस म्हणजे धान्याच्या दुकानावरची एक खोली. बाजाराच्या दिवशी जिन्यावर चपला ठेवायला जागा नसायची, असं नवरा सांगतो. भाजी विकून आलेल्या बायका रिकाम्या पाट्या भिंतीला टेकवून बसायच्या, आणि सासूबाई एकीकडे पासबुक भरत दुसरीकडे कुणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते ऐकायच्या.

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात काम करते. नियम पाळले गेले की नाहीत ते तपासणाऱ्या विभागात. एका दुपारी सासूबाईंना तिथे घेऊन गेले. पास नसल्यामुळे त्यांना लॉबीच्या पुढे जाता आलं नाही. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. काचा चकाचक, सोफा रिकामा. "लोकं कुठं बसतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे ग्राहक येत नाहीत, आम्ही फक्त कॉम्प्युटरवर बघतो. त्यांनी त्या सोफ्याकडे बोट केलं. "मग माणसाची ओळख कशी होते गं?" मी त्यांना कॉफी प्यायला नेलं.

आम्ही सिंगापूरच्या पुंगोल भागात राहतो. नवरा जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर, सकाळी लवकर कंपनीच्या बसने निघतो. मुलगी शाळेत, मी ऑफिसात. सासूबाई दिवसभर एकट्या कंटाळतील ही माझी भीती पंधरा दिवसांत खोटी ठरली. सहा वर्षांत मला जितके शेजारी माहीत झाले नव्हते तितके त्यांना माहीत झाले. आमच्याच मजल्यावर शेवटच्या दारात पंचाहत्तरीच्या एक चिनी आजी राहतात. त्यांच्या दाराबाहेर कुंड्यांची रांग आहे: वासाच्या पानांचं पंदन, मिरच्या आणि कमरेएवढं कढीपत्त्याचं झाड. सासूबाई त्या झाडासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मैत्री झाली. या मराठीत बोलायच्या, आजी त्यांच्या चिनी बोलीत. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी संध्याकाळी घरी आल्यावर मला बातम्या मिळायच्या. "तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," सासूबाई सांगायच्या. "आणि सून बोलत नाही तिच्याशी." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

दुसरी ओळख आमच्या रेसिडेंट्स कमिटीच्या अध्यक्षांची. सत्तरीला आलेले, शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले चिनी गृहस्थ. शर्ट नेहमी इस्त्रीचा, पँटमध्ये खोचलेला. शनिवारी सकाळी ते स्वतः दारोदार फिरायचे. लिफ्ट कधी बंद राहणार, डासांची फवारणी कधी आहे, असल्या सूचनांचे कागद द्यायचे आणि प्रत्येक घरी दोन मिनिटं थांबून चौकशी करायचे. सासूबाईंनी त्यांना एकदाच पाहिलं आणि ठरवून टाकलं, हे इथले सरपंच. पुढे आमच्या घरात त्यांना दुसरं नावच राहिलं नाही.

त्याच सुमारास स्टेशनजवळच्या मॉलमधल्या एका बँकेच्या शाखेने काउंटर बंद केले. तिथे मशिनं आली. तरुणांना फरक पडला नाही, त्यांची बँक फोनमध्येच होती. म्हातारी माणसं मात्र रोज उठून तिथे जायची, मशीनसमोर उभी राहायची आणि परत यायची. एका शनिवारी सरपंच आमच्या दारात आले ते हाच विषय घेऊन. तुम्ही बँकेत आहात, तर ज्येष्ठांना फोनवरचं बँकेचं ॲप शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं.

मी चोवीस स्लाइड केल्या. चित्रं घातली, बाण काढले, अक्षरं मोठी केली. इमारतीच्या तळमजल्यावरच्या कमिटीच्या खोलीत तीसेक ज्येष्ठ जमले. चहा होता, गरम पाव होते. मी बोलत गेले, सरपंच मँडरीनमध्ये आणि मलायमध्ये सांगत गेले. सगळ्यांनी अतिशय शांतपणे ऐकलं. शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला आणि पाव अजून शिल्लक आहेत का ते विचारलं. मग टाळ्या झाल्या. एकानेही खिशातून फोन बाहेर काढला नव्हता.

घरी येऊन मी लॅपटॉप बंद करून ठेवला. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. कार्यक्रमात त्याही मागे बसून सगळं बघत होत्या, अर्थात एक शब्द न कळता.

"तू चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. "पण त्या सरपंचांना येत नाही."

"काय येत नाही?"

"ते फोनवरचं. त्यांना स्वतःलाच येत नाही."

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय, ते उपमुख्याध्यापक होते. पण त्यांनी नीट पाहिलं होतं. सरपंचांनी पूर्ण वेळ फोन हातात धरला होता, पण स्क्रीनला एकदाही बोट लावलं नव्हतं. सगळं संपल्यावर कढीपत्तावाल्या आजी फोन घेऊन त्यांच्याकडे गेल्या तेव्हा त्यांनी हसून आजींना माझ्याकडे पाठवलं होतं. "शिकलेल्या माणसाला न येणं फार जड जातं," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही ती ठाऊक नव्हती.

पतसंस्थेत एकदा त्यांनी ठरवलं की अंगठा बंद करायचा. प्रत्येक सभासद बाईने सही शिकायची. महिनाभर ओरडून सांगितलं, पण कुणी येईना. तेव्हा गावाला बाई सरपंच होत्या. त्यांनी पुढाकार घ्यावा म्हणून सासूबाई त्यांच्या घरी गेल्या. सरपंचबाईंनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि शेवटी सांगितलं की ग्रामपंचायतीच्या कागदांवर सही त्यांचे यजमान करतात, त्यांना स्वतःला येत नाही. सासूबाई म्हणाल्या, मी तुम्हाला घरी येऊन शिकवते, कुणाला कळणार नाही. त्यावर सरपंचबाई नको म्हणाल्या. मी शिकून आले तर बायका मला आणखी घाबरतील, मी त्यांच्यातच बसून शिकते. पुढच्या बाजाराच्या दिवशी सरपंचबाई धान्याच्या दुकानाचा जिना चढून वर आल्या आणि सगळ्यांच्या मध्ये बसून त्यांनी पाटीवर आपलं नाव गिरवलं. पहिल्या दिवशी फक्त पहिलं अक्षर जमलं. दिवाळीपर्यंत शाईचं पॅड कपाटात गेलं.

"चल," मटार संपल्यावर सासूबाई उठल्या. "त्यांच्याकडे जाऊन येऊ."

मला जायचं नव्हतं. इथे असं कुणाच्या घरी जाऊन, तेही अध्यक्षांच्या, तुम्हाला येत नाही का म्हणून विचारायचं? मी तीन-चार कारणं सांगितली. सासूबाई तोवर साडी नीट करून दाराशी उभ्या होत्या. मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "Just go lah, Mama." मग गेले.

सरपंच तिसऱ्या मजल्यावर राहत होते. त्यांनी आम्हाला आत बसवलं, संत्र्याचा रस आणला. घर नीटनेटकं होतं, भिंतीवर त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा फोटो होता. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी मला सांगितलं, "मी म्हणते तेवढंच त्यांना सांग. मध्ये स्वतःचं घालू नकोस."

त्या सरपंचांकडे बघून मराठीत बोलल्या. "माझी सगळी नोकरी बँकेत गेली, पण मला हे फोनवरचं येत नाही. मुलगा करून देतो. मला शिकायचंय, पण एकटीला सगळ्यांपुढं बसायची लाज वाटते. तुम्ही माझ्याशेजारी बसाल का?"

मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की हे सगळं खरं होतं. सासूबाईंनी ॲप कधी उघडलंच नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

सरपंचांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. मग त्यांनी फोटोकडे हात केला. "बँकेचं सगळं ती बघायची," ते हळू म्हणाले. "ती गेल्यावर मी काउंटरवर जायचो. तिथली मुलगी मला ओळखायची. आता ती मुलगीही नाही." पुढे वाकून त्यांनी विचारलं, "तुमच्या सासूबाई खरंच समोर बसणार आहेत?"

"पहिल्या खुर्चीवर," मी म्हटलं.

"मग मी दुसऱ्या खुर्चीवर."

पुढच्या शनिवारी स्लाइड नव्हत्या. समोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एका खुर्चीवर सासूबाई, दुसऱ्या खुर्चीवर सरपंच, दोघांच्या हातात फोन. सरपंचांनी उभं राहून सांगितलं की तुम्हाला नोटीस वाटत मी फिरतो, पण मला स्वतःला हे येत नाही आणि आज मी विद्यार्थी आहे. कढीपत्तावाल्या आजी पुढे सरकून बसल्या.

सरपंचांची बोटं जाड होती आणि ती भलतीकडेच पडायची. तीनदा पासवर्ड चुकला आणि ॲपने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी फोन सगळ्यांना दाखवत, पूर्वी मी पोरांना वर्गाबाहेर काढायचो, आता यानं मला काढलं, असं काहीसं सांगितलं. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलांचे आईबापही त्या खोलीत होते. ते इतके हसले की मला भाषांतर नंतर विचारावं लागलं. सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या बँकेचं ॲप उघडलं, स्वतःचं नाव स्क्रीनवर आलेलं पाहिलं आणि "अगं, इथं आहे की मी," असं इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मराठी न येणाऱ्यांनाही ते कळलं.

मग कढीपत्तावाल्या आजी उठल्या. गुडघा सांभाळत सरपंचांपर्यंत आल्या आणि असं नाही, असं, म्हणून त्यांच्या फोनवर बोट ठेवून दाखवायला लागल्या. मागच्या शनिवारचं सगळं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. तुम्हाला येतंय का, असं त्यांना त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. सरपंच त्यांचं मन लावून ऐकत होते. ते बघून एकेकाचे फोन बाहेर यायला लागले.

त्यानंतर तासभर जो गोंधळ झाला तो माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी पाहिला असता तर माझं काही खरं नव्हतं. एका मावशींनी आपला पासवर्ड अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा म्हणून दाखवला. पाववाल्या आजोबांनी तो आपल्या फोनवर टाकून पाहिला आणि चालत नाही म्हणून तक्रार केली. मी इकडून तिकडे धावत होते, गुपित, गुपित, म्हणून सांगत होते. सासूबाईंनी ते कसं कोण जाणे ओळखलं. त्या उठल्या, मावशींच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदराआड काहीतरी लपवल्याची खूण केली. तेवढ्याने काम झालं. मावशी नंतर आकडे टाकताना छत्री उघडून तिच्या आड बसू लागल्या.

त्या महिन्यात असे चार शनिवार झाले. मी तिसऱ्या शनिवारपासून फक्त खुर्च्या मांडायचं काम केलं. शिकवायचं काम आजी आणि सरपंच करत होते. सरपंचांनी कमिटीतर्फे बँकेला पत्रही लिहिलं. शाळेतल्या माणसाचं पत्र, मुद्देसूद आणि गोड. बँकेने आठवड्यातून दोन दिवस सकाळी मॉलमध्ये एक माणूस बसवायचं कबूल केलं. काउंटर परत उघडले नाहीत, पण विचारायला कुणीतरी असतं.

सासूबाई परत निघाल्या त्या दिवशी सरपंच आणि आजी दोघं खाली टॅक्सीपर्यंत आले. आजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्त्याच्या डहाळ्या आणल्या होत्या. त्या विमानातून नेता येत नाहीत हे मी सांगायला लागले, तर सासूबाईंनी मला डोळ्याने गप्प केलं. पुडकं घेतलं, वास घेतला, पिशवीत ठेवलं. विमानतळावर गेल्यावर माझ्या हातात दिलं. "आमटीत घाल," म्हणाल्या. "मी नेलं नाही असं तिला सांगू नकोस."

पुढच्या वर्षी सरपंचांनी अध्यक्षपद सोडलं आणि कमिटीवर एक जागा रिकामी झाली. त्यांनी आजींचं नाव सुचवलं. आजींना वाटलं, थट्टा करताहेत. मग त्या दोन दिवस विचार करत राहिल्या आणि हो म्हणाल्या.

आता शनिवारी सकाळी आमची बेल आजी वाजवतात. हातात सूचनांचे कागद, गळ्यात कमिटीचं ओळखपत्र. गेल्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा त्यांच्या मागे नवीनच राहायला आलेल्या एक आजी होत्या, हातातला फोन छातीशी धरून, जरा बावरलेल्या. आमच्या आजींनी मला कागद दिला, माझ्या मुलीची शाळा कशी चालली आहे ते तिच्याकडूनच मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून घेतलं आणि त्या नवीन आजींचा हात धरून त्यांना लिफ्टकडे नेलं. खाली शनिवारच्या वर्गाच्या खुर्च्या मांडून झाल्या असाव्यात. मी चहा गॅसवरून उतरवला आणि मदतीला गेले.