जेवला का बे?
जुन्या कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला, की मेहकरच्या स्टँडमागचं आमचं दुकान आठवतं. मी आणि माझा भागीदार एकाच लिनक्स मशीनवर काम करायचो. टर्मिनलची काळी खिडकी उघडली, की सगळ्यात आधी ओळ यायची, 'जेवला का बे?' मी कामात जेवण विसरायचो, म्हणून त्यानंच ती शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये लिहून ठेवली होती. एका दुपारी मी हौसेनं तो नेहमीचा शेल बदलून दुसरा लावला. नवा शेल ती फाइल वाचतच नव्हता. भागीदारानं खिडकी उघडली, तर ओळ आलीच नाही. "माही ओळ काऊन काढली बे?" "काढली नाई, नवा शेल टाकला. तुही ओळ मंग टाकून देतो." "राहू दे," म्हणाला, आणि आपला डबा न उघडता टेबलावरच ठेवून जानेफळच्या बसनं घरी गेला. तिसऱ्या दिवशी हार्ट अटॅकनं वारला. ओळ टाकायची राहिली ती राहिलीच. आज मशीन भंगारात देण्याआधी मी जुना शेल परत लावला, नव्यानं लॉगिन केलं. ओळ जशीच्या तशी आली. मी खाली होकाराचं 'हाव' टाइप केलं. मशीननं सांगितलं, अशी कमांड सापडली नाही.