सहा खिडक्यांचा हप्ता

माझी मावशी पैसे खिडक्यांत मोजते. पडदे शिवायचे आणि स्वतः जाऊन बसवायचे, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. कापड, अस्तर, दोरा सगळं वजा जाता एका खिडकीमागे हातात जे उरतं ती एक खिडकी. शिवणखोलीचं भाडं नऊ खिडक्या, विजेचं बिल दोन. माझा नवा चष्मा पाच खिडक्यांचा आहे हे कळलं तेव्हा तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "यातून पलीकडचंही दिसतं वाटतं?"

तिची जुनी गाडी एकोणीस वर्षं चालली. त्यातली शेवटची चार नुसती मावशीच्या धाकाने. एके सकाळी चौकातच गिअरबॉक्सने मान टाकली. मेकॅनिकने बॉनेट मिटलं आणि हात पुसत म्हणाला, "मावशी, हिच्यात आता एक पैसा घालू नका."

नेमकं हाताशी मोठं काम होतं. एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या अठ्ठेचाळीस खिडक्या. पडदे शिवून तयार होते, पण एक तारखेला बसवायला सुरुवात झाली नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. मध्ये तीन आठवडे. काम गेलं तर शिवणखोली सोडावी लागणार, हे मावशीला ठाऊक होतं आणि मलाही.

मामाने ही बातमी ऐकली आणि त्याच संध्याकाळी आला. मामा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ.

"पंचावन्न झाली तुला. बस झालं आता. बंद कर हे सगळं, महिन्याचं मी बघतो. आणि गाडी हवीच असेल तर घेऊन देतो मोठी. पण हे पडद्यांचे रॉड वाहायला नाही हं! डॉक्टरकडे जा, देवळात जा."

"दादा, चहा निवतोय," मावशी म्हणाली.

मामा वाईट नाही. पण त्याचं देणं असं, की घेणाऱ्याने पुढे आयुष्यभर त्याला विचारून उठावं. मला त्याचा राग येतो तो एवढ्यासाठीच.

तो गेल्यावर मावशीने गेल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या काढल्या आणि बेरीज केली. महिन्याला सहा खिडक्या पडत होत्या. "म्हणजे एवढे मी आत्ताही घालवतेच. हप्ता सहा खिडक्यांचा. सातवी नाही."

जुन्या गाड्यांच्या आवारात आम्ही रविवारी गेलो. टाय लावलेल्या विक्रेत्याने पहिल्यांदा लाल चकचकीत गाडी दाखवली. हप्ता नऊ खिडक्या. मावशी तिच्याजवळ थांबलीसुद्धा नाही. दुसरी लांबलचक आणि नवल वाटावं इतकी स्वस्त होती. मी खूश झाले. मावशी मात्र आत वाकून सीटच्या कडेवरून अंगठा फिरवत बसली.

"ही शिवण उसवून परत घातलीय. दोरा नवा आहे, भोकं जुनी आहेत. गाडी पुराच्या पाण्यात होती का हो?"

टायवाला टाय सारखा करू लागला.

तिसरी राखाडी, सहा वर्षांची, एकाच शिक्षिकेने वापरलेली. मेकॅनिक मुद्दाम येऊन खाली झोपून बघून गेला आणि "घ्या" म्हणाला. आता एकच प्रश्न होता: हॉस्पिटलचे दोन मीटर वीस सेंटिमीटरचे रॉड आत मावतील का? मावशीने टेप काढला. त्या टेपचं टोक कधीच झिजून गेलंय, म्हणून ती नेहमी दहाच्या आकड्यापासून माप धरते आणि शेवटी दहा वजा करते. ती मागच्या दारात, मी पुढे डॅशबोर्डपाशी. तेवढ्यात टायवाला म्हणाला, "मॅडम, सात वर्षांचं कर्ज घ्या की! हप्ता सहाच्या जागी चारच खिडक्यांचा." तिची भाषा त्याने एव्हाना उचलली होती.

मावशीचं डोकं तिकडे गेलं. "चार वर्षं सहा म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. सात वर्षं चार म्हणजे तीनशे छत्तीस. वरच्या अठ्ठेचाळीस कोणाच्या? अख्खं हॉस्पिटल तुमच्यासाठी फुकट शिवू?" मग तिने टेपकडे पाहिलं. "दोनशे पंचवीस. पाच शिल्लक! चार वर्षांचंच करा."

बँकेला जामीन हवा होता. मामा सही करायला तयार होता, पण हप्ते त्याच्या खात्यातून जाणार या अटीवर. माझी नोकरी कायम होऊन चार महिने झाले होते. मी सही केली.

गाडी आली एकतीस तारखेला, दुपारी. आम्ही पहिला रॉड आत सरकवला. तो डॅशबोर्डला टेकला आणि मागचं दार लागेना. तिरका केला, उलटा केला. पाच सेंटिमीटर बाहेर. मावशीने टेप पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दहा वजा करायचे राहिले," ती म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा. अठ्ठेचाळीस महिने, माझी सही, उद्याची सकाळ, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, टपावर कॅरिअर बसवू. त्याच्या दहा खिडक्या होत्या, आणि बसवून मिळणार होतं आठवड्याने. मी म्हटलं, मामाला फोन करू का? त्याची मोठी गाडी उद्यापुरती मागू.

"फोन ठेव खाली."

ती गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आली. मग ड्रायव्हरशेजारचं दार उघडून गुडघ्यांवर बसली आणि सीटखाली हात घालून चाचपू लागली.

"चारच बोल्ट आहेत. पाना आण."

दोन बोल्ट मुकाट्याने सुटले. तिसऱ्याने अर्धा तास घेतला आणि मावशीच्या अंगठ्याची साल. चौथा आम्ही दोघींनी मिळून सोडवला. सीट बाहेर आली, तसा रॉड मोकळ्या जागेतून थेट डॅशबोर्डच्या खाली गेला आणि मागचं दार खटकन लागलं. मावशी फरशीवर बसून हसायला लागली. मला तर रडूच आलं.

एक तारखेला आठ वाजता आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. मी मागच्या सीटवर, मांडीवर पडद्यांचे गठ्ठे. अठ्ठेचाळीस खिडक्या पाच दिवसांत झाल्या. सीट नाही म्हणून डॅशबोर्डवर तेव्हापासून एक लाल दिवा जळतोय. मावशी म्हणते, जळू दे, पेट्रोल नाही लागत त्याला.

सीट तिने शिवणखोलीत लाकडी चौकटीवर बसवली. पुढच्या आठवड्यात मामा आला आणि नेमका त्या सीटवरच बसला. मागे टेकून त्याने बाहेरच्या गाडीकडे पाहिलं, मग खालच्या सीटकडे.

"गाडीची मोडतोड केलीस? नवी घेऊन दोन आठवडे नाही झाले! मी घेऊन दिली असती तर मोठी घेतली असती."

मावशीने मशिन थांबवलं.

"दादा, तू घेऊन दिली असतीस, तर मला ही सीट काढता आली असती का?"

मामाने हात लांब करून शेजारच्या ढिगातला एक पडदा ओढला आणि घडी घालायला लागला. घडी वाकडी आली. मावशीने ती मोडून पडदा परत त्याच्या हातात दिला.