बेसच्या पोटातली बॅटरी

हौशी बेस गिटारवाल्यांना माझा एकच सल्ला असतो: नऊ व्होल्टची एक जादा बॅटरी खिशात ठेवा. माझ्या बेसच्या पोटात ती लागते, आणि वायर खोचलेली राहिली की गुपचूप संपते.

हिंजवडीला आमच्या कंपनीच्या वार्षिक समारंभात नेमकं तेच झालं. बेस मुका. साउंडवाल्याने माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि साहेबांच्या कॉर्डलेस माइकमधली बॅटरी काढून दिली. ती परत करायचं दोघेही विसरलो.

साहेबांना फिरत फिरत भाषण करायची सवय. त्या दिवशी त्यांना आमच्या बँडमधल्या गायिकेच्या वायरवाल्या माइकसमोर एका जागी उभं राहावं लागलं, आणि काही सुचेना. दोन वाक्यांत आभार मानून ते खाली उतरले. जेवण गरम मिळालं. विश्रांतवाडीची बस वेळेवर सुटली.

बसमध्ये मी बॅटरीची हकिकत सांगितली, तेव्हा तिघांनी उठून माझ्याशी हात मिळवला. "आज बेस फार छान झाला," म्हणाले. इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी समारंभाच्या आदल्या दिवशी अकाउंट्सचे एक गृहस्थ मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले.

"अहो, उद्या ती जादा बॅटरी वगैरे आणू नका."