जुना नंबर ठेवायचा होता

ऑफिसचा जुना नंबर बंद करायचा नाही, एवढी एकच अट अप्पांनी घातली. अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी हुबळीच्या कोर्टात वकिली केली. गुडघे गेले तसं कोर्टात जाणं सुटलं, पण रोज सकाळी केशवापुराहून ऑटोने लॅमिंग्टन रोडच्या मागच्या आमच्या ऑफिसात यायचे आणि फोनशेजारच्या खुर्चीत बसायचे. फोन उचलणं हे आता त्यांचं काम होतं. कुंदगोळ, नवलगुंदकडचे जुने पक्षकार त्याच नंबरावर फोन करायचे. "हां, हेळ्री," म्हणजे बोला, असं अप्पांनी खणखणीत आवाजात म्हटलं की पलीकडच्या माणसाला आपली केस निम्मी जिंकल्यासारखं वाटत असणार.

अडचण आमची होती. हे दिवसभर धारवाडला, हायकोर्टात. मी इथल्या सिव्हिल कोर्टात. फोन आला की अप्पा निरोप घ्यायचे, मग आम्हा दोघांच्या मोबाइलवर लावत बसायचे. शेवटी ह्यांनी ठरवलं, इंटरनेटवरचा फोन घ्यायचा. एकच नंबर, धारवाडला वाजेल, इथेही वाजेल.

"पण जुनी तार त्यात घालायची कशी?" मी विचारलं.

"त्यासाठी काहीतरी वस्तू मिळते. तू बघ ना, तू गावातच असतेस."

गावात असते म्हणजे काय, तर सकाळी डबे, मग कोर्ट, दुपारी ऑफिस, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. त्यात ही वस्तू शोधायची. मी कोर्ट सुटल्यावर, गळ्यातला वकिलीचा पांढरा बँडसुद्धा न काढता, एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन प्रकार सांगितले. एक कार्ड, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, पण मग तो कॉम्प्युटर अखंड चालू हवा. दुसरा, वेगळा छोटा डबा. एका बाजूने जुनी लाइन आत, दुसऱ्या बाजूने इंटरनेट. आमच्याकडे लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, डबा छोट्या बॅटरीवरही चालतो, तेव्हा डबा बरा, असं मी मनाशी ठरवलं. तेही उभ्याउभ्या, पाय ठणकत असताना.

घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी आदल्याच दिवशी ऑनलाइन एक डबा मागवून टाकलेला.

"सांगायचं तरी!"

"सांगणारच होतो. चांगला आहे अगं, परीक्षणं वाचलीत मी."

डबा आला. मी तो दुकानात नेला. दुकानदाराने उलटा करून मागची भोकं पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला फोन जोडता येतो. लाइन जोडता येत नाही. दोन्ही भोकं दिसायला सारखीच असतात, पण कामं उलटी." तो डबा परत पाठवायचं कामही माझ्याकडेच आलं. मग दुकानदाराकडूनच लाइनचा डबा घेतला. निवडण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. त्याने फळीवरून जो काढून दिला तो घेतला.

शनिवारी त्याचा माणूस येऊन बसवून गेला. माझ्या टेबलावर एक नवा फोन आला, अप्पांच्या टेबलावर एक. ते त्याच्याकडे बघतही नव्हते. तेवढ्यात वाजला. त्यांनी उचलला, "हां, हेळ्री," म्हणाले आणि थबकले. पुन्हा काहीतरी बोलले, पुन्हा थबकले. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "अगं, लाइनवर मधेच कोण बोलतंय? कोणीतरी म्हातारा आहे. माझंच बोलणं माझ्यामागून म्हणतोय."

मी फोन कानाला लावला. माझाच आवाज क्षणभराने माझ्याकडे परत आला.

"कोणी नाही अप्पा. डब्यामुळे आवाज घुमतोय. तुमचाच आवाज आहे तो."

"माझा?"

त्यांनी फोन परत घेतला. हळूच "हेळ्री" म्हणाले आणि परत येणारा आवाज ऐकला. पक्षकार पलीकडून हॅलो हॅलो करत होता. अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "असा झालाय होय माझा आवाज? कोणी बोललं नाही मला."

मी पक्षकाराला तारीख सांगितली आणि फोन ठेवला. सोमवारी अप्पा आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. मंगळवारीही नाही.

दुकानदाराच्या माणसाने येऊन दोनदा सेटिंग बदललं. पहिल्यांदा आवाज घुमायचा थांबला, पण पलीकडच्याने फोन ठेवला तरी आमची लाइन सुटेना. पक्षकार तक्रार करायला लागले की फोन सारखा एंगेज लागतो. दुसऱ्या खेपेला तेही सुधारलं. मी दर वेळी धारवाडला ह्यांना फोन लावून तपासत होते. "येतोय का आवाज नीट?" "येतोय." "घुमतोय?" "नाही. झालं आता, सोड." झालं म्हणायला त्यांचं काय जातं!

त्या रात्री जेवताना मी अप्पांना म्हटलं, "दुरुस्त झालाय फोन. मी कोर्टात असले की उचलायला कोणी नाही. लोक विचारतात, अप्पारू इल्लेन्री, अप्पा नाहीत का म्हणून."

"विचारतात?"

"रोज."

खरं तर दोघांनीच विचारलं होतं. अप्पांनी भात कालवला.

दुसऱ्या दिवशी ते ऑटोने आले. आता नेहमीसारखे खुर्चीत बसतात, फोन उचलतात. पण आवाज खाली आलाय. पलीकडचा "केळ्सवल्लद्री, ऐकू येत नाही" म्हणतो. तेव्हा मी ऑफिसात असले तर माझ्या टेबलावरचा फोन उचलते आणि अप्पा जे हळू बोलतात ते मोठ्याने सांगते. अप्पा मधे मधे मला दुरुस्त करतात, "तसं नव्हे, अपील म्हण." मी अपील म्हणते. बाहेर रिक्षा भोंगे वाजवत असतात, समोर वाचायच्या फाइली पडलेल्या असतात, आणि आम्ही तिघं एका लाइनवर असतो.