कॉन्टेसाचा जुना आवाज

चौलमध्ये भागोजीकाकांच्या शेजारी राहायचं म्हणजे कान किटेपर्यंत गाड्यांचं ऐकून घ्यायचं. मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. माझी सुपारीची वाडी बरी आणि मी बरा. पण आमचं अंगण एकच, त्यामुळे सुटका नव्हती.

काका मिठागरावर राबणाऱ्या घरातले. पोरवयात ट्रकवर क्लीनर म्हणून चढले आणि मेकॅनिक होऊनच उतरले. माणूस भलता हट्टी. मनासारखं काम झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग गिऱ्हाईक दारात बोंबलत का बसेना. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचा मात्र कायम आवाज यायचा, यावरून आम्ही त्यांना फार छळायचो.

ती गाडी म्हणजे लांब नाकाची जुनी काळी कॉन्टेसा. लग्नसराईत नवरदेवासाठी तिला मागणी असे आणि ती चालवायचा काकांचा एकुलता एक मुलगा, विनेश. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो ना, इंजिनाचं फिरणं चाकांना वाटून देणारा, तो डिफ्रन्शियल झिजलेला होता. त्यामुळे पोखरणीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वळणावर गाडी आली की घूंऽऽ असा सूर लागायचा. काका बदलायला निघाले की विनेश म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या बाबा. आयेला कलतं मी आलो ते."

आईला, म्हणजे केसरकाकींना, खरंच कळायचं. सूर ऐकला की त्या उठून तवा ठेवायच्या. वळणावरून गाडी दारात येईपर्यंत तांदळाची एक भाकरी फुगलेली असायची. विनेशला गरम भाकरीच लागायची. लाडावलेला होता, स्पष्टच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी विनेश काविळीने गेला. आजार अंगावर काढला आणि हां हां म्हणता संपलं सगळं.

मग गाडी काका चालवू लागले. सूर तोच. केसरकाकी तशाच उठायच्या, भाकरी टाकायच्या, दारात यायच्या. गाडीतून काका उतरायचे आणि काकींचा चेहरा पडायचा. दर वेळी. विनेश गेला, हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. रडल्या मात्र पुष्कळ. काका रडले नाहीत. ते काम करत राहिले.

एक दिवस मला म्हणाले, "आता न्हाय बगवत. आवाजच काढून टाकतो."

"काकींना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच करतोय."

पनवेलच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे मला ओढत नेलं. तिथे दोन डिफ्रन्शियल पडले होते, दिसायला अगदी जुळे. चुकीचा बसवला तर गाडी चढावर दम टाकते किंवा इंजिन नुसतं ओरडत बसतं, म्हणाले. कुठला आपला ते कळावं म्हणून एका बाजूचा चाकाचा ड्रम मी घट्ट धरायचा, दुसरा ते फिरवणार आणि मधल्या दांड्याचे फेरे मोजणार. घरच्या गाडीचे आधीच मोजून ठेवले होते. एकाचे फेरे जुळले. माझे हात ग्रीसने माखले, पण काका समाधानाने हसले, बऱ्याच दिवसांनी. टेम्पोतून तो आणला, बसवला आणि जुना त्याच टेम्पोतून बदल्यात भंगारवाल्याकडे धाडला.

दुसऱ्या दिवशी कॉन्टेसा वळणावरून आली ती मलासुद्धा ऐकू आली नाही. काका घरात शिरले तेव्हा काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल थंड.

"गाडी कवा आली?"

काकांनी सांगितलं. काकी चुलीकडे बघत म्हणाल्या,

"तो न्हाय येनार ते काय मला ठाव न्हाय? पन मी उठत व्हते ना. आता कंच्या आवाजाला उठू?"

त्यानंतर त्या खरंच उठेनात. दिवस मावळला तरी भिंतीशी बसलेल्या. जेवण माझ्या घरून जाऊ लागलं. काकांनी भंगारवाल्याला फोन केला, पण जुना डिफ्रन्शियल केव्हाच तोडून भट्टीला गेला होता. फोन ठेवून ते गाडीच्या मागच्या चाकापाशी खालीच बसले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरला.

मग त्या माणसाने जे केलं ते पाहून मी हात टेकले. गाडीखाली शिरून त्यांनी नवा डिफ्रन्शियल उघडला, आतल्या दातांमधलं नेमकं अंतर राखणारी पातळ चकती काढली आणि दात मुद्दाम चुकीचे बसवले. आयुष्यात पहिल्यांदा हाताने काम बिघडवलं. गाडी पोखरणीपर्यंत नेऊन परत आणली. सूर लागला, पण जाडाभरडा, घरघरता.

त्या दिवशी माझ्या बायकोने काकींना बळेच चुलीपाशी बसवलं होतं. भाकरी तव्यावर टाकून त्या बाहेर आल्या. पिठाचे हात तसेच. गाडीच्या खिडकीशी वाकल्या.

"ह्यो त्याचा न्हाय," म्हणाल्या. "उगाच गाडी नासू नका. पोर गेला आपला."

काकांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. दोन वर्षांचं साचलेलं होतं. काकी दुसऱ्या बाजूने जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि पिठाचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

घरातून भाकरी करपल्याचा वास येत होता. कोणीच उठलं नाही.