बैलजोडीच्या फोटोमागची पदवीधर

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीवरचा भरवसा पार उडवला, त्याच्या पुढच्या हंगामात आमच्या संस्थेला बुलढाण्यातल्या संग्रामपूर तालुक्यासाठी पदवीधर मुलंमुली हवी होती. काम वावरात फिरायचं, सापळे लावायचे, बोंडं फोडून अळी शोधायची. जाहिरात फेसबुकवर टाकायची आणि अर्जही तिथेच घ्यायचे, असं पुण्याच्या कार्यालयानं ठरवलं. मी बुलढाण्याची, म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली.

अर्ज भरपूर आले. पुण्यात छाननी झाली आणि मुलींचे जवळपास सगळे बाद. खातं पुरुषाच्या नावाचं, फोटोत पोळ्याला सजवलेली बैलजोडी आणि अर्ज मात्र मुलीचा, म्हणजे खातं बनावट, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे कितीतरी घरांत चांगला फोन एकच, तोही बापाचा. मुलीचं नाव नि फोटो फेसबुकवर टाकणं तर लांबच. एकेकीशी बोलल्याशिवाय यादी लागणार नाही, असं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. ते नाराज झाले. होऊ देत.

बाद झालेल्यांपैकी पहिला फोन वरवट बकाल गावातल्या एका मुलीच्या घरी लावला. वडिलांनी उचलला. पोरगी बीएस्सी झाली, पण एकटी वावरावावरानं फिरणार कशी, लोक काय म्हणतील, असं त्यांनी मलाच विचारलं. मी इतकी वर्षं फिरतेच आहे, म्हटलं. मग त्यांनी फोन मुलीकडे दिला. अळीबद्दल विचारलं ते तिनं धडाधड सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, मले हे काम पाह्यजेच. पन बाबा हो म्हनतीन का नाही, सांगता येत नाही."

मी तिला निवडलं. फेसबुकवर यादी लावताना मात्र तिच्या जागी वडिलांच्या खात्याचं नाव टाकलं. पोरीचं नाव चारचौघांत आलं म्हणून ते बिथरले, तर तिचं काम जाईल याची मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. आता नाहीच म्हणणार, असं धरून मी भांडायच्या तयारीनं बसले.

"मॅडम, तुमी मायं नाव काऊन टाकलं?" ते म्हणाले. "मी चौथी नापास मानूस. मलेच नोकरी लागली म्हनून गाव हासून राह्यलं. शिकली थे. तिचं नाव टाका."